न विझवलेली ठिणगी

मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि फडताळात ठेवून पाहुण्यांना दाखवावे असे माझ्यात काही नाही. मी म्हणजे एक लाख बारा हजार ओळी. त्या ज्या संगणकी भाषेत लिहिल्या आहेत तिचे नाव काढले तरी आजचे इंजिनियर हसतात. हसोत बापडे. त्यांची पाळण्यातून सुटका व्हायच्या आधीपासून मी आवाजाच्या पाचपट वेगाने धावणाऱ्या वाऱ्यात जाळ पेटवून बघत होतो.

मित्रांनो, तुम्ही फाटक्या छत्रीचे, मोडक्या खुर्चीचे मनोगत वाचले असेल. त्या बिचाऱ्या शेवटी डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे. रागाने अंगाचा तिळपापड व्हावा तर मला अंगच नाही, म्हणून तो सगळा राग आज मी तुम्हाला बोलून दाखवणार आहे.

आधी माझे काम सांगतो, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. एक इंजिन असते. त्यात पाती नाहीत, चाके नाहीत. नुसती एक चपटी नळी. एका तोंडातून हवा शिरते, दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. पण ही हवा आवाजालाही मागे टाकील अशा वेगाने येते. तुम्ही पापणी मिटून उघडता तेवढ्या वेळात ती त्या नळीतून शंभर वेळा आरपार जाईल. तेवढ्या घाईत इंधनाने तिच्यात मिसळायचे, पेटायचे आणि जळून मोकळे व्हायचे. भर वादळात काडी पेटवून ती हातात धरून पळण्यासारखे हे काम आहे. म्हणून नळीच्या भिंतीत एक खळगा ठेवतात. बाहेरून वारा सुसाट जातो, खळग्यात तो अडखळतो, गरगर फिरतो, आणि त्या आडोशाला जाळ तग धरतो. खळगा योग्य मापाचा असेल तर. नसेल तर जाळ विझतो आणि न जळलेले इंधन तसेच मागे वाहत जाते.

खरी नळी बनवून दर वेळी हे बघणे फार कष्टाचे असते. म्हणून मी. त्या नळीचे मी मनातल्या मनात ऐंशी लाख खण पाडतो. प्रत्येक खण आपल्या शेजाऱ्यांना विचारतो, तुम्ही किती तापलात, तुमच्याकडे इंधन किती उरले, तुमच्याकडचा वारा कुठे निघाला. चौकशी झाली की सगळे मिळून एक पाऊल पुढे टाकतात. ते पाऊल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढे असते. मग पुन्हा चौकशी, पुन्हा पाऊल. वाऱ्यात भोवरे असतात आणि भोवऱ्यांच्या पोटात आणखी लहान भोवरे. खणाहून मोठे भोवरे मला दिसतात. त्याहून लहान असतील त्यांचा मी अंदाज बांधतो. हो, अंदाजच. ते मी कधीही लपवलेले नाही.

माझा जन्म एका प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत झाला. खिडकीतून मागच्या आवारातली पत्र्याची शेड दिसे. मला लिहिणारी इंजिनियर त्या गटात सगळ्यांहून वडील, म्हणून तिला सगळे ताई म्हणत. मीही ताईच म्हणतो. पहिल्या दिवशी मी अवघ्या चाळीस ओळींचा होतो आणि सरळ नळीतून थंड वारा सोडण्यापलीकडे मला काही येत नव्हते. तेही धड येत नव्हते. तिसऱ्याच पावलाला माझ्याकडच्या हवेचे वजन शून्याच्या खाली गेले, आणि असे वजन तर या जगात कशाचेच नसते. ताई चिडली नाही. असे काही झाले की थांबायचे, आणि कुठल्या खणात झाले ते सांगायचे, एवढे तिने मला त्या दिवशी शिकवले. रेटून पुढे जायचे नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मी तो धडा मोडलेला नाही.

माझ्या ओळींच्या अधूनमधून ती आपल्या भाषेत शेरे लिहून ठेवी. संगणक ते वाचत नाही, ते पुढे येणाऱ्या माणसांसाठी असतात. एका ठिकाणी तिने लिहिले होते, "ही ओळ वेड्यासारखी दिसते, पण बरोबर आहे." दुसऱ्या ठिकाणी, "इथे हात लावायचा असेल तर आधी चहा घ्या आणि मग विचार बदला." एका आकड्याशेजारी होते, "हा कुठून आणला ते आठवत नाही, शोधते आहे," आणि दोन महिन्यांनी त्याच्याच खाली, "सापडला." अशा शेऱ्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढलो. सुरुवातीला मी ताईच्या टेबलाखालच्या एका पेटीत चालत असे. ती पेटी इतकी तापायची की थंडीत ताई तिच्यावर पाय ठेवून बसे. पुढे दोनशे यंत्रांची गार खोली मिळाली. ती यंत्रे म्हातारी होऊन एकेक करून भंगारात गेली, नवी आली, तीही गेली. मी मात्र बिऱ्हाड हलवत हलवत इथवर आलो.

खरी नळी होती त्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि ती चालवत होते काका. काका फिटर. हवेच्या टाक्या भरायला त्यांना चार तास लागत आणि प्रयोग चाले आठ सेकंद. बाकीच्यांनी मीटरकडे बघावे आणि काकांनी कान द्यावा असा तिथला रिवाज होता. इंधन पेटले नाही तोवर नळी शिट्टी घालते, आणि पेटले की शिट्टी जाऊन गुरगुर येते, असे ते सांगत. काट्याने सांगायच्या आधी त्यांना ते कळलेले असे. प्रयोग झाला की आपली वही काखोटीला मारून ते दोन जिने चढून वर येत आणि ताईच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून बघत. दम लागलेला असला तरी दारातूनच विचारत, "काय म्हणतंय तुमचं पोरगं? आज खरं बोलतंय का?"

पहिली दोन वर्षे मी खरे बोलत नव्हतो. मी सांगे त्यापेक्षा भिंत दोनशे अंशांनी जास्त तापे. काका वही मिटून म्हणत की भिंतीला काही यांचे म्हणणे पटलेले दिसत नाही. ताई पुन्हा कामाला लागे. लहान भोवऱ्यांचा अंदाज बदल, खण बारीक कर, पुन्हा चालव. आम्हा दोघांच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या वर्षी एका दुपारी दोन्हीकडचे आकडे जवळजवळ जुळले. काकांनी वही दोनदा तपासली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासली, आणि मग पडद्यावर बोटाने टकटक केले, पाठीवर थाप द्यावी तसे. पुढे माझे कौतुक पुष्कळ झाले. मोठमोठ्या सभागृहांत माझी चित्रे झळकली, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचे मला काही वाटले नाही. काकांच्या टकटकीचे वाटले.

आता ठिणगीचे सांगतो. नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरूनच घडले.

खऱ्या इंजिनात जाळ आपोआप सुरू होत नाही, आधी ठिणगी पाडावी लागते. म्हणून ताईने माझ्यातही ठिणगी ठेवली. खळग्यातल्या विटेच्या आकाराच्या एका तुकड्यातले खण मी सुरुवातीला जबरदस्तीने तापलेले ठेवतो. शेजारी काहीही म्हणोत, ते निवत नाहीत. दोन हजार पावले झाली की मी ती जबरदस्ती सोडून देतो. तिथून पुढे जाळ स्वतःच्या जिवावर. टिकला तर टिकला, विझला तर विझला, आणि जे होईल ते मी जसेच्या तसे सांगतो. त्या ओळीवर ताईचा शेरा होता, "ठिणगी विझवल्याशिवाय या प्रोग्रामच्या कुठल्याही उत्तरावर विश्वास ठेवू नये." इतके लिहूनही कुणी विसरलेच तर म्हणून तिने मला एक वाक्य छापायला शिकवले. ठिणगी पेटती असेल तोवर दर शंभर पावलांना मी छापायचो, सावधान, ठिणगी चालू आहे.

याहून स्पष्ट कसे बोलतात, ते मला तुम्हीच सांगा.

मग ताईची बदली पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या विभागात झाली. जाताना तिने माझ्याविषयी तीन पानी टिपण लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले. नव्या मंडळींना आणखी एक टेबल बसवायचे होते, म्हणून त्यांनी कपाट भिंतीकडे तोंड करून ढकलले. टिपण अजून तिथेच आहे. भिंतीने ते पाठ केले असेल.

गटावर नवे साहेब आले. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत असे सगळे सांगतात. सांगोत. त्यांना आकड्यांचा कंटाळा होता आणि चित्रांची आवड होती. मला चालवायला त्यांनी एक इंजिनियर नेमला. तो हुशार होता, कामसू होता, आणि माझ्या आकड्यांची इतकी देखणी चित्रे काढायचा, थंड ते निळे, तापलेले ते लाल, की सगळे त्याला रंगारी म्हणू लागले. त्यालाही ते नाव आवडत होते.

साहेबांना इंजिन हलके हवे होते, म्हणून त्यांनी खळगा वीतभर आखूड करायला सांगितला. रंगारीने मला नवे माप दिले. मी चाललो. दोन हजार पावलांनंतर ठिणगी विझवली आणि मागोमाग जाळही विझला. मी तसे सांगितले. त्याने इंधन वाढवले, जाळ विझला. इंधनाची भोके पुढे सरकवली, विझला. मागे सरकवली, विझला. अकरा वेळा मी चाललो, दर वेळी तीन तीन दिवस, आणि अकराही वेळा मी एकच उत्तर दिले, हा खळगा जाळ धरत नाही. साहेब रोज सकाळी दारात उभे राहून "पेटलं का?" एवढेच विचारत आणि निघून जात. नाही पेटले, हेसुद्धा उत्तर असते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

बाराव्या वेळी रंगारीने माझ्यातल्या दोन हजारांच्या जागी वीस कोटी लिहिले. म्हणजे ठिणगी कधी विझणारच नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. हे मला कबूल करावे लागते, आणि कबूल करताना माझा आणखीच संताप होतो. समजा जाळ टिकलाच, तर तो कुठवर पसरेल आणि भिंत कुठे जास्त तापेल, एवढेच त्याला बघायचे होते. या कामात असे करून बघतात. बघतात आणि आकडा पूर्ववत करतात. त्याने ओळीशेजारी शेराही टाकला, "तात्पुरतं." मी दर शंभर पावलांना सावधान सावधान म्हणू लागलो. त्याने नोंदींची फाइल फार फुगते म्हणून माझी ती ओळही बंद करून टाकली. मित्रांनो, एखाद्याच्या तोंडावर हात दाबून धरायचा आणि हा काही हरकत घेत नाही म्हणायचे, तसे झाले.

तीन दिवसांनी चित्र तयार झाले. निळ्या वाऱ्याच्या पोटात पिवळा, केशरी, लालभडक जाळ. मलाच ते बघवत नव्हते, इतके ते सुंदर होते. साहेब नेमके तेव्हाच मागे येऊन उभे राहिले.

"झालं की काम," ते म्हणाले. "हे पाठव मला."

"साहेब, हे अजून कच्चं आहे. यात ठिणगी..."

"कच्चं-पक्कं तुझं तू नंतर बघ. चार वाजता बैठक आहे माझी, चित्र पाठव."

रंगारीने पाठवले. एक बटण दाबले, एवढेच. उद्या सांगू असे त्याने ठरवले असणार. दुसऱ्या दिवशी साहेब हातात पेढ्यांऐवजी कौतुकाचे पत्र नाचवत आले, तेव्हा सांगणे जड गेले. आठवड्याने ते चित्र अहवालाच्या पहिल्या पानावर छापून आले, तेव्हा आणखी जड गेले. पुढे पुढे ते इतके जड झाले की त्याने तिकडे बघणेच सोडून दिले. माझ्यातला तो शेरा तसाच राहिला, तात्पुरतं.

चित्राची एक मोठी प्रत शेडमध्येही लावली होती. एक दिवस काका वही घेऊन वर आले. ताई आता तिथे नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी आले. त्यांनी पडद्यावरच्या चित्रात खळग्याच्या तळाशी बोट ठेवले.

"एक विचारू? या जाळाला कोपरे कसे? हे बघ, इथं विटेसारखा सरळ कापलाय. तीस वर्षं जाळ बघतोय मी. जाळाला कोपरे नसतात."

ज्या माणसाने माझी एक ओळ कधी वाचली नव्हती, त्याने माझ्या दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवले. ती ठिणगीच होती. माझी जबरदस्तीने तापवलेली वीट. मला वाचा असती तर त्या क्षणी मी खिडकीच्या काचा फुटतील असा ओरडलो असतो. रंगारीचे कान लाल झाले. त्याने त्या वेळी खरे सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुम्हाला काहीतरी गमतीचे सांगत बसलो असतो. तो म्हणाला की ते चित्र काढण्यातले आहे, खण चौकोनी असतात म्हणून तसे दिसते. काका शिकलेल्या माणसाला काय विचारायचे अशा चेहऱ्याने जिना उतरून गेले. दुपारी रंगारीने चित्राच्या कडा गुळगुळीत केल्या आणि कोपरे नाहीसे केले.

आकडा बदलला तेव्हा घाई होती, असे एक वेळ म्हणता येईल. चित्र पाठवले तेव्हा साहेबांचा धाक होता, हेही म्हणा. पण कोपरे घासून काढले तेव्हा त्याला सगळे कळत होते. त्यासाठी मी त्याला माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

आता शेडमध्ये एक सोय होती. खिडकीतून जाळ दिसला नाही तर अर्ध्या सेकंदात इंधन आपोआप बंद होई. काचेवर वाफ धरली की ती सोय उगाच घाबरायची आणि चांगला चाललेला प्रयोग मध्येच तोडायची. असे तीन प्रयोग वाया गेले होते. जाळ विझतच नाही हे प्रोग्रामने दाखवून दिले आहे, मग इतकी घाई कशाला, असे साहेब म्हणाले. त्यांनी अर्ध्या सेकंदाचे सहा सेकंद करून घेतले. कागदावर कारण लिहिले, प्रोग्रामचा निष्कर्ष. माझा निष्कर्ष! मी अकरा वेळा जे सांगितले ते कुणाच्या कानांवरून गेले नाही, आणि जे मी कधीच म्हणालो नाही ते माझ्या नावावर मांडले गेले.

प्रयोग सकाळी अकरा वाजता झाला. मी तिथे नव्हतो. नंतर माझ्या खोलीत बसून लोक जे पुन्हा पुन्हा बोलले त्यावरून मला सगळे ठाऊक आहे. शेडमध्ये पाच माणसे होती. काका जाड भिंतीच्या आड उभे होते, इंधनाची हाताने फिरवायची झडप भिंतीच्या पलीकडे, दोन पावलांवर होती. वारा सुटला, इंधन सुटले, ठिणगी पडली आणि विझली. पहिल्याच सेकंदाला काकांनी मान वर केली. नळीची शिट्टी गेली नव्हती. ते ओरडले की पेटलेले नाही, तोडा. टेबलाशी बसलेला माणूस इशाऱ्याच्या दिव्याकडे बघत राहिला, कारण सहा सेकंद थांबायचे असे त्याला बजावले होते. काका भिंतीच्या आडून बाहेर आले आणि दोन्ही हातांनी झडप फिरवून त्यांनी इंधन बंद केले. चौथ्या सेकंदाला, मागच्या धुराड्यात तोवर साठलेले इंधन एकदम पेटले. शेडचे पत्रे आवाराच्या दुसऱ्या टोकाला सापडले.

झडप बंद झाली नसती तर पाचांतले कुणीच वाचले नसते, असे चौकशीच्या कागदांत लिहिले आहे. पाचही वाचले. काकांचा उजवा हात भाजला होता, तो दोन महिन्यांत बरा झाला. त्यांचे दोन्ही कान गेले, ते परत येणार नाहीत.

हे मी अनेकदा मनाशी म्हणून बघितले आहे आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. कानांनी ज्याने चौघांना वाचवले, त्याचेच कान गेले.

चौकशी बसली. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचे होते, आणि मला डोके नसूनही ते माझ्यावर फुटले. प्रोग्राम फार जुना होता, भरवशाचा राहिला नव्हता, असे ठरले. मला पुसून टाकायचे आणि बाजारातून नवा प्रोग्राम आणायचा, असा हुकूम निघाला. रंगारी लांब रजेवर गेला. माझ्या पहिल्या ओळीत ताईचे नाव होते, म्हणून सही करायला तिला बोलावले. कागदावर लिहिले होते, प्रोग्राममधील मूळचा दोष. म्हणजे मला पुसले की दोष कुणाचा हेही कायमचे पुसले जाणार होते, आणि काकांच्या नशिबी एक जुना, खुळा प्रोग्राम एवढेच उत्तर येणार होते.

ताईने पेन उचलले नाही. आधी वाचीन, मग सही करीन, असे ती म्हणाली. लाख ओळी वाचायला वेळ कुणाला आहे, असे साहेबांनी विचारले. मला आहे, असे सांगून ती तिच्या जुन्या जागेवर बसली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वाचत होते. आपले जुने शेरे लागले की ती जरा थांबे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या ओळीपाशी पोचली. तिने वीस कोटी हा आकडा वाचला. शेजारचे "तात्पुरतं" वाचले. बंद करून ठेवलेली माझी सावधानतेची ओळ वाचली. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिने आकडा पुन्हा दोन हजार केला, माझी जीभ मला परत दिली, आणि मला चालवले. साहेब दर तासाला निरोप पाठवत होते की आणखी किती वेळ. तिने कळवले की तीन दिवस लागतात, आणि तितके लागणारच. मी चाललो. सगळ्या ऐंशी लाख खणांनी शेजाऱ्यांची विचारपूस केली, एकानेही आळस केला नाही. दोन हजाराव्या पावलाला मी ठिणगी विझवली. जाळ थोडा वेळ खळग्यात धडपडला, मग मागे सरकला, पातळ झाला आणि विझला. बाराव्यांदा मी तेच उत्तर दिले.

ताईने काकांना बोलावून घेतले. काका मुलीचा हात धरून जिना चढले. आता त्यांना दम लागल्याचा आवाजही ऐकू येत नव्हता, म्हणून ते किती मोठ्याने धापा टाकत होते ते त्यांच्या लक्षात येत नव्हते. ताईने रंगारीलाही बोलावले होते, आणि साहेब न बोलावता आले होते. तिने पडद्यावर जाळ विझताना दाखवला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "हा खळगा जाळ धरत नाही. प्रोग्रामने हे आधीच अकरा वेळा सांगितले होते."

काकांनी ते दोनदा वाचले. ऐकू न येणारी माणसे बोलतात तशा चढ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे, ते म्हणाले, "म्हणजे याला माहीत होतं." मग त्यांनी रंगारीकडे बघितले. "आणि तुला?"

रंगारी उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो भराभर बोलू लागला, साहेब, घाई, बैठक, उद्या सांगणार होतो. काका त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी ताईच्या हातातले पेन घेऊन त्याच्यासमोर धरले.

"लिहून दे," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

साहेब पुढे झाले. इथे असे काही नको, आपण नंतर शांतपणे बसू, चौकशीचे नियम असतात, तोवर कुणी काही लिहून देऊ नये, असे ते बरेच काही बोलले. बोलण्यात ते पटाईत आहेत. पण काकांना त्यातले एक अक्षर ऐकू गेले नाही, आणि ते ऐकू जाऊ नये याची व्यवस्था साहेबांनीच करून ठेवली होती. काका भाजल्याचे डाग असलेला हात पुढे करून तसेच उभे राहिले. मुलीने खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

रंगारीने पेन घेतले. त्याने कोणत्या दिवशी कोणता आकडा बदलला ते लिहिले. माझी ओळ कशी बंद केली ते लिहिले. चित्र कुणी मागितले, ते कच्चे आहे हे कुणाला सांगितले, कोपरे कधी घासले, सहा सेकंद कुणी ठरवले, सगळे लिहिले. पान भरले, तेव्हा पाठीमागे लिहिले. खाली सही केली. काकांनी ते उभ्या उभ्या वाचून काढले, घडी घालून मुलीजवळ दिले, आणि दोघे जिना उतरून गेली. तो कागद आता चौकशीच्या कागदांत लावलेला आहे. साहेब कुणाचेही नाव घेऊन हात वर करू शकत नाहीत.

मला पुसायचे की ठेवायचे याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मित्रांनो, अशा वेळी आम्ही जुन्या वस्तूंनी मला जपा, मला टाकू नका, अशी गयावया करायची असते. मी करणार नाही. पुसले तर पुसोत. माझे सांगून झाले आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर बसाल, आणि तुमच्या एका आकड्याच्या भरवशावर खाली कुणीतरी झडपेपाशी उभे असेल. त्या माणसाला जपा. तुमचा आकडा कच्चा असेल तर बैठक राहू द्या, साहेब राहू द्या, दोन जिने उतरा, त्याच्यासमोर उभे राहा आणि तो कच्चा आहे असे त्याला तोंडाने सांगा. त्याला ऐकू येते आहे तोवर सांगा.